जवसाची पूड, दाण्याचं कूट, तिळकूट : दळल्यावर खवट होऊ न देता घरी कसं साठवावं

अख्खं जवस कोरड्या डब्यात वर्षभर सहज राहतं. तेच दळून ओट्यावर ठेवलं, तर विदर्भातल्या मे महिन्यात आठवड्या-दीड आठवड्यात त्याचा वास बदलायला लागतो. बी तेच आणि तेलही तेवढंच असतं, फक्त साल फुटलेली असते. बियांच्या आत तेल अगदी बारीक थेंबांत असतं आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचं पातळ आवरण असतं. दळताना साल तुटते, ही आवरणंही फाटतात आणि तेल कणांच्या सगळ्या बाजूंनी हवेत उघडं पडतं. बी उगवताना तेल फोडून देण्यासाठी त्यात जे विकर (एन्झाइम) असतात, तेही याच वेळी तेलाशी येऊन मिळतात. म्हणून साठवणीचा पहिला नियम डब्याबद्दल नाही, दळण्याबद्दल आहे. आठवड्याला लागेल तेवढंच दळा आणि बाकीचं बी अख्खं राहू द्या. बियाला सालीपेक्षा चांगला डबा मिळत नाही.

लागतं किती, हे एकदा मोजून बघावं. जवसाची पूड पोह्याच्या मोठ्या चमच्याने सपाट घेतली तर साधारण ७ ग्रॅम भरते. घरातली दोन माणसं रोज एकेक चमचा खात असतील तर आठवड्याला १०० ग्रॅम पुरतं. एवढं दळायला मिक्सरला अर्धं मिनिट लागतं. तरीही आपण किलोभर दळून ठेवतो आणि महिनाभराने त्यातलं निम्मं खवट खातो.

कोणती पूड किती नाजूक

सगळ्या तेलबिया एका मापाने मोजू नयेत. जवसात साधारण ४० टक्के तेल असतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ज्या ओमेगा-३ साठी आपण जवस खातो ते. हवेतल्या ऑक्सिजनला सगळ्यात लवकर बळी पडतं तेही हेच. जवसाचं तेल हवेत ठेवलं की ते घट्ट होऊन सुकतं. चित्रकार तैलरंगांत ते वापरतात आणि क्रिकेटच्या बॅटला लावतात ते याच गुणामुळे. स्वयंपाकघरात मात्र हा गुण उपयोगी नाही. जवसाची पूड खराब झाली की तिला ऑइल पेंटसारखा किंवा सुक्या मासळीसारखा वास येतो, तो यामुळेच.

कारळं, म्हणजे खुरासणी, आणि खसखस यांच्या तेलात लिनोलेइक आम्ल जास्त, ते हवेत अल्फा-लिनोलेनिकपेक्षा सावकाश बिघडतं. जवसापेक्षा ही थोडी सोशीक, पण दाण्यापेक्षा नाजूक. सूर्यफूल आणि भोपळ्याच्या बिया याच गटात धराव्यात. शेंगदाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं, पण त्यात ओलेइक आम्लाचा, म्हणजे त्याहूनही सावकाश बिघडणाऱ्या घटकाचा, वाटा मोठा, म्हणून कूट बऱ्यापैकी टिकतं. जुनागढची भुईमूग संशोधन संस्था आणि हैदराबादची इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी मिळून काढलेल्या गिरनार-४ आणि गिरनार-५ या वाणांत ओलेइकचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आहे आणि ते दाणे खवटायला आणखी वेळ घेतात. किराणा दुकानात वाण विचारून दाणे मिळणं अवघड, पण भुईमूग घरी पिकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिळाची गोष्ट वेगळी आहे. त्यात तेल जवळपास निम्मं, तरी ते टिकतं, कारण तिळात तेलाला राखणारे स्वतःचे पदार्थ असतात आणि भाजल्यावर त्यातला सेसमॉल नावाचा घटक वाढतो. हा फायदा सालीसकट तिळाला जास्त मिळतो. पांढरेशुभ्र पॉलिश केलेले तीळ दिसायला छान, पण त्यांचं कूट लवकर उतरतं. साठवणीचं तिळकूट करायचं असेल तर गावठी, सालीचे तीळ घ्या.

निवडणं आणि भाजणं

खवट दाण्याचं कूट फ्रीजमध्ये ठेवलं तरी खवटच राहतं, आणि दहा चांगल्या दाण्यांत एक खवट दाणा असला तरी त्याची चव सगळ्या कुटाला लागते. म्हणून दाणे परातीत पसरून निवडा. सुरकुतलेले, काळपट, पिवळे पडलेले, अर्धे फुटके आणि बुरशीचा हिरवट-करडा थर असलेले दाणे काढून टाका. बुरशीबाबत काटकसर करू नका. भुईमुगावर वाढणारी अस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून या विषाचा शोध लागला. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. अख्ख्या दाण्यांत बुरशीचा दाणा दिसतो आणि उचलता येतो. कूट झाल्यावर तो सगळ्यात मिसळलेला असतो. कुटात बुरशी किंवा कुबट वास आढळला तर वरचा थर काढून खालचं वापरू नका, सगळं फेकून द्या.

भाजण्याचा साठवणीशी संबंध दोन्ही बाजूंनी आहे. मंद आचेवर नीट भाजल्याने ओल जाते आणि तेल फोडणारे विकर निकामी होतात, त्यामुळे पूड जास्त टिकते. पण जास्त भाजलं तर तेल कढईतच बिघडायला सुरुवात होते. काळपट भाजलेल्या दाण्याचं कूट म्हणून लवकर खवटतं.

जवस २५० ग्रॅम असेल तर जाड बुडाची कढई, मंद आच आणि सतत हलवत ६ ते ८ मिनिटं. तडतडायला लागलं की वर जाळी किंवा अर्धवट झाकण ठेवा, बिया उडतात. तडतड ओसरू लागली आणि एक दाणा दाताखाली कुरकुरीत फुटला की उतरवा. रंग फारसा बदलायला नको. तीळ याहून लवकर होतात. फुगले, हलके झाले आणि उडू लागले की लगेच ताटात काढा, कढईत ठेवले तर तिच्या उष्णतेने आणखी भाजत राहतात. कारळं काळंच असल्याने रंगावरून कळत नाही, तिथे वासावर आणि तडतडीवर भिस्त. अर्धा किलो दाण्याला मंद-मध्यम आचेवर पंधरा-अठरा मिनिटं द्या. घाई करून मोठ्या आचेवर भाजलेला दाणा बाहेरून डागाळतो आणि आत कच्चा, ओलसर राहतो. ती आतली ओलच पुढे कूट मऊ करते.

मग गार करणं. हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते. दाणा वरून गार लागला तरी आत गरम असतो. एक दाणा फोडून त्याची आतली बाजू ओठाला लावून बघा, कोमट लागला तर अजून थांबायचं. ताटात एकेरी थर पसरून पंख्याखाली दाण्याला तास-दीड तास, जवस-तिळाला अर्धा-पाऊण तास लागतो. गरम बी दळलं तर तेल सुटून कुटाचा गोळा होतो. गरम पूड डब्यात भरली तर वाफ झाकणाला लागून खाली ठिबकते आणि तिथून बुरशी सुरू होते.

दाण्याची सालं काढायची का, हा प्रश्न नेहमी येतो. लाल सालीत तुरट असे रक्षक घटक असतात, त्यामुळे सालीसकट कूट थोडं जास्त टिकतं. पण साबुदाण्याच्या खिचडीला आणि कोशिंबिरीला पांढरं कूट हवं असतं. तेव्हा साठवायचं ते सालीसकट भाजलेले दाणे, आणि सालं दळायच्या वेळी चोळून पाखडायची. दाण्याच्या टोकाशी असलेला छोटा कोंब लवकर कडवट होतो. पाखडताना जमेल तेवढा तोही जाऊ द्या.

दळताना

मिक्सर सलग फिरवला की पातं आणि भांडं तापतं. बोट लावून बघितलं तर कळतं. लहान चटणीचं भांडं घ्या, ते निम्म्याहून जास्त भरू नका आणि थांबून थांबून फिरवा. जवसाला तीन-चार सेकंदांचे पाच-सहा फेरे, मध्ये एकदा चमच्याने तळ मोकळा करा. दाण्याला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे आठ-दहा झटके पुरतात. कूट रवाळ आणि थोडं जाडसर ठेवा. जितकं बारीक, तितकं तेल जास्त उघडं आणि तितकं आयुष्य कमी. कूट करायचं हाताने फिरवायचं यंत्र असेल तर त्याने दाणा किसला जातो, तापत नाही, आणि कूट मोकळं पडतं. साठवणीसाठी ते मिक्सरपेक्षा चांगलं.

दळून झालं की लगेच बाटलीत भरू नका. ताटात पातळ पसरून दहा-पंधरा मिनिटं दळणाची ऊब जाऊ द्या, पण त्याहून जास्त वेळ उघडं ठेवू नका. आता ऑक्सिजनचं घड्याळ सुरू झालेलं असतं.

कशात भरायचं

घट्ट झाकणाची काचेची बाटली सगळ्यात चांगली. २५० मिलीलीटरच्या बाटलीत साधारण १०० ते १२५ ग्रॅम पूड मावते, म्हणजे आठवड्याचं एक दळण. बाटली काठोकाठ भरा आणि हलकी आपटून, चमच्याने दाबून बसवा. वर रिकामी जागा राहिली तर तिथे हवाच असते. म्हणून पाव भरलेली मोठी बरणी ही सगळ्यात वाईट साठवण. पूड संपत आली की तिला छोट्या बाटलीत हलवा.

पारदर्शक काचेतून उजेड जातो आणि उजेडाने तेल लवकर बिघडतं. बाटली कपाटात किंवा फ्रीजमध्ये असेल तर प्रश्न नाही. खिडकीजवळच्या फळीवर मात्र ठेवू नका. स्टीलचा डबा उजेड अडवतो, पण नेहमीच्या स्टीलच्या झाकणातून हवा जाते, तो दोन-तीन दिवसांच्या वापरासाठी ठीक. चिनी मातीच्या बरणीचंही तसंच, झाकणाखाली रबरी कडं नसेल तर ती फक्त उजेड अडवते. जुना प्लास्टिकचा डबा टाळा. प्लास्टिक तेल आणि वास दोन्ही धरून ठेवतं आणि साबणाने धुतलं तरी सोडत नाही. कल्हई नसलेलं पितळ आणि तांबं तर नकोच, त्या धातूचे कण तेलाच्या खवटण्याला वेग देतात. लोखंडी डबाही त्याच कारणासाठी नको.

जुन्या पुडीवर नवी कधी ओतू नका. तळाशी राहिलेली खवट पूड विरजणासारखं काम करते. एकदा तेल बिघडायला लागलं की त्यातून निघणारे पदार्थ शेजारच्या चांगल्या तेलालाही बिघडवतात. बाटली रिकामी करा, धुवा, पूर्ण वाळवा, मगच भरा. बाटलीवर दळल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा.

कुठे ठेवायचं आणि किती दिवस

साधारण नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की खवटण्याचा वेग निम्म्यावर येतो. स्वयंपाकघरात ३४ अंश असतील आणि फ्रीजमध्ये ४, तर तीन वेळा निम्मं म्हणजे आठपट फरक पडला. ओट्यावर आठवडा टिकणारी पूड फ्रीजमध्ये दीड-दोन महिने कशी टिकते, ते यातून कळतं.

नीट भाजून, गार करून, काठोकाठ भरलेल्या बाटलीसाठी धरून चालावं असा हिशेब: जवसाची पूड बाहेर उन्हाळ्यात एक आठवडा, थंडीत दोन, फ्रीजमध्ये दीड महिना, फ्रीझरमध्ये तीन महिने. कारळ्याची आणि खसखशीची पूड बाहेर दोन आठवडे, फ्रीजमध्ये दोन महिने. दाण्याचं कूट बाहेर दोन-तीन आठवडे, फ्रीजमध्ये दोन महिने, फ्रीझरमध्ये चार. तिळकूट गुळाशिवाय बाहेर तीन-चार आठवडे, फ्रीजमध्ये तीन महिने. गूळ घातलेलं तिळकूट पावसाळी हवेत ओल ओढून चिकट होतं, म्हणून गूळ आयत्या वेळी मिसळा. हे आकडे वरची मर्यादा समजा. शेवटचा निर्णय नाकाचा.

फ्रीजचं दार ही जागा सोयीची, पण ती सगळ्यात गरम आणि सतत हलणारी. मधल्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवा. कूट वास फार लवकर ओढतं. शेजारी चिरलेला कांदा किंवा मासळी असेल तर दोन दिवसांत खिचडीला तो वास येतो.

फ्रीझरसाठी वेगळी युक्ती आहे. १०० ग्रॅम पूड झिपच्या जाड पिशवीत घालून लाटण्याने सेंटिमीटरभर जाडीची चपटी करा, हवा दाबून काढा, मग बंद करा. अशा पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या राहतात. कोरडी पूड दगडासारखी गोठत नाही, त्यामुळे हवी तेवढी मोडून घेता येते. वीज गेली आणि फ्रीझर काही तास बंद राहिला तरी काळजी नको. पुडीत पाणी नसल्याने ती मांस-मासळीसारखी नासत नाही, फक्त पिशवी उघडू नका.

थंड बाटली उघडण्याची घाई हेच फ्रीजमधल्या बुरशीचं मुख्य कारण. दमट हवेत थंड पुडीवर दव धरतं, ते आत मुरतं आणि गुठळ्या होतात. फ्रीझरमधली पिशवी बाहेर काढून तासभर बंदच राहू द्या, फ्रीजमधली मोठी बाटली वीस मिनिटं. रोजच्या वापराची लहान बाटली असेल तर चमचा काढा आणि लगेच झाकण लावून परत ठेवा. चमचा कोरडाच हवा. भाजीतून काढून पुसलेला चमचा कोरडा नसतो.

पावसाळा, कीड आणि चटण्या

कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतच ओल. भाजलेलं बी तासाभरात सादळतं. या चार महिन्यांत भाजल्यावर गार होताच दळा आणि लगेच भरा, रात्रभर ताटात राहू देऊ नका. अख्खे दाणे सादळले तर कढईत दोन-तीन मिनिटं पुन्हा गरम करून चालतात. पूड मात्र पुन्हा भाजू नका. भाजल्याने खवट वास थोडा वेळ दबतो, पण जात नाही, उलट उघडं तेल आणखी बिघडतं.

पावसाळ्यात तेलबियांना जाळी लागते आणि तांबडे पीठकिडे होतात. आणलेलं अख्खं बी बंद पिशवीत चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की अंडी मरतात. मग बाहेर काढून पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि डब्यात भरा. कडुनिंबाचा पाला अख्ख्या धान्यात घालतात तो पूर्ण वाळलेला असतो. पुडीत घालू नका, पाल्याचा चुरा तिच्यातून काढता येत नाही. धान्याला लावायची बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या खाण्याच्या पुडीजवळ आणूच नका.

चटण्यांत आणखी दोन गोष्टी येतात, मीठ आणि लसूण. सोलापुरी शेंगा चटणी कुटून कुटून तेल सुटेपर्यंत करतात, तीच तिची चव, आणि त्यामुळेच तिचं तेल सगळ्यात जास्त उघडं. त्यात कच्ची ओली लसूण गेली तर ओलही आली. साठवायची असेल तर लसणाच्या पाकळ्या सालीसकट कोरड्या कढईत परतून त्यांचं पाणी उडवा, गार करा, मग कुटा. अशी चटणी बाहेर दहा-पंधरा दिवस, फ्रीजमध्ये महिना-दीड महिना ठेवावी. मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात जवसाची आणि कारळ्याची चटणी बिनमिठाची साठवून पानात वाढताना मीठ घालणं बरं. सुकं खोबरं घातलं असेल तर त्याचं खवटणं वेगळं असतं. ओल लागली की चवीला साबणासारखं लागतं. ती चव आली की चटणी संपली.

खवट झालं हे कसं ओळखायचं

चिमूटभर पूड तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळा. ऊब मिळाली की वास वर येतो. मग त्याच लॉटचं अख्खं बी एक-दोन दाणे दाताखाली फोडा आणि तुलना करा. याहून चांगली परीक्षा नाही, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी मूठभर बी अख्खं मागे ठेवावं. ताज्या जवसाची चव दाण्यासारखी, किंचित गवताळ. खवट पूड जिभेवर आधी काही सांगत नाही, पण गिळल्यावर घशात कडू रेंगाळते आणि खवखवते. शंका आली तर मोदक-लाडवात खपवू नका. गूळ-वेलदोडा ती चव झाकतो, बदलत नाही.

परगावी किंवा परदेशी पाठवायचं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी दळा, २०० ग्रॅमच्या आतल्या पिशव्या करा आणि हवा काढून पॅक करून घ्या. शहरातल्या बऱ्याच मसाल्याच्या दुकानांत ती सोय असते. पोहोचल्यावर थेट फ्रीझर. खसखस मात्र संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूरला अजिबात पाठवू नका, चटणीत मिसळलेलीही नाही. तिथे अमली पदार्थांच्या कायद्यांमुळे तिच्यावर बंदी किंवा कडक निर्बंध आहेत.

शेवटचं, भांडी. मिक्सरच्या झाकणातली रबरी पट्टी काढून तिच्या खाचेत बघा. महिनोन्‌महिने दळलेल्या जवसाचा पिवळा, चिकट थर तिथे बसलेला असतो, आणि नवी पूड दर वेळी त्याला घासूनच बाहेर येते. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून पट्टी आणि बाटलीची झाकणं पंधरा मिनिटं भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि उन्हात खडखडीत वाळवा. महिन्यातून एकदा एवढं केलं तर पुरतं.